पत्री सरकारात वाढलेल्या पोरांच्या आठवणी टिपताना

सातारा भागात इंग्रज सरकारला न जुमानता क्रांतिसिंह नाना पाटील आणि साथीदारांनी चालवलेलं प्रतिसरकार, म्हणजेच गावाच्या तोंडचं पत्री सरकार, त्या १९४३ साली जे पोर दहा वर्षांचं होतं, ते आज नव्वदी ओलांडून गेलंय. वाळवा, तासगाव, खानापूर, कराड, खटाव या पट्ट्यात अशी माणसं अजून आहेत. सोप्यात बाजेवर बसलेली, कानाला कमी ऐकू येणारी, पण सकाळच्या चहानंतर तासभर तरी ताजी असलेली. पुढाऱ्यांच्या आठवणी बऱ्याचशा छापून आल्या. पोरासोरांच्या आल्या नाहीत. चिठ्ठी कुणी नेली, भाकरी कुणी पोचवली, शिपाई दारात आल्यावर बापाचं नाव काय सांगितलं, हे सगळं त्या पोरांपाशीच आहे आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे. तुमच्या घरात किंवा भावकीत असं कुणी असेल, तर हे कसं टिपायचं ते सविस्तर लिहितो.

जायच्या आधी एक काम. आजीचं किंवा आजोबांचं गाव त्या काळी कुणाच्या अमलाखाली होतं ते शोधून काढा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा भाग इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात, आणि औंधात तर राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ सालीच राज्यघटना देऊन गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला होता. म्हणजे दोन शेजारच्या गावांतली दोन पोरं दोन वेगळ्या राज्यांत वाढत होती. एका गावात इंग्रजांचा फौजदार थेट घरात शिरायचा, दुसऱ्या गावात त्याला संस्थानाची हद्द आडवी यायची. कुंडल हे चळवळीचं ठाणं का झालं, याचं एक कारण या हद्दीत आहे. पोरांना ही हद्द पक्की माहीत असायची. कुठला ओढा, कुठला बांध, कुठली बाभळ. ते विचारा, कारण नकाशावर हे आता दिसत नाही.

कागदपत्र शोधतानाही हेच आडवं येतं. १ ऑगस्ट १९४९ ला सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते २१ नोव्हेंबर १९६० ला. म्हणून आजोबा ‘आमचं वाळवं सातारा जिल्ह्यात’ म्हणाले तर ती चूक समजून दुरुस्त करू नका. त्या काळचं दप्तर सातारा या नावाखालीच मिळेल. संस्थानी गावांचे कागद वेगळ्या वाटेनं गेले. कोल्हापूर आणि पुण्याचं पुरालेखागार दोन्ही धुंडाळावी लागतात. बरेचसे कागद मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवलेला बरा.

आता प्रत्यक्ष बैठक. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. औषधं झालेली असतात, ऊन चढलेलं नसतं. दुपारच्या झोपेनंतर बसलात तर नावं एकमेकांत मिसळतात. एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे, त्यापुढे माणूस थकतो आणि ‘हो, हो, तसंच’ म्हणायला लागतो. कवळी लावलेली असू द्या. कानाचं यंत्र असेल तर त्याची बॅटरी आदल्या दिवशी बघून घ्या. त्यांच्या डाव्या-उजव्यापैकी कुठल्या कानानं बरं ऐकू येतं ते घरच्यांना विचारून त्या बाजूला बसा.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल चालतो. विमान मोड लावा, नाहीतर नेमका महत्त्वाच्या वाक्याला फोन येतो. फोन चौघडी पंच्यावर ठेवा. थेट टेबलावर किंवा बाजेच्या ठाव्यावर ठेवला की कपबशीचा, काठीचा ठोका गडगडाटासारखा उमटतो. तोंडापासून अंतर हात-दीड हात. पंखा बंद करा. हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं आणि सगळ्यांत जास्त नासाडी यानंच होते, कारण पंख्याची घरघर म्हाताऱ्या माणसाच्या खोल आवाजात मिसळून जाते आणि नंतर काढता येत नाही. उसाच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरात बसू नका. ट्रॅक्टरवरची गाणी पार माजघरापर्यंत येतात. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही स्वरूपात घेतलं तर तासाला सव्वातीनशे एमबीच्या आसपास जागा लागते, तेवढी मोकळी आहे का ते आधी बघा. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि त्याच दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणी तिची प्रत करा. फोन पाण्यात पडला, हरवला, नातवानं साफ केला, असं होतंच.

सोबत एखादं घरचं माणूस असावं, पण बोलकं नसावं. सून किंवा नातू मध्येच उत्तर पुरवायला लागला की म्हातारं माणूस गप्प होतं आणि मान डोलवतं. त्यांना आधीच समजावून सांगा: चूक वाटली तरी मध्ये बोलायचं नाही, नंतर सांगायचं.

पहिला प्रश्न काय विचारायचा, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ‘आजी, तुम्ही स्वातंत्र्यासाठी काय केलं?’ असं विचारलंत की उत्तर येतं, ‘आमी काय केलं? आमी पोरं हुतो. काय ठावं न्हाय बा.’ आणि बरेच जण तिथंच वही मिटतात. माझं मत असं की ते उत्तर विसराळूपणाचं नसतं. या मुलांना दोन-तीन वर्षं हेच एक वाक्य घोटून घोटून शिकवलेलं होतं. वाटेवर अनोळखी माणूस भेटला, पांढरे कपडेवाला असो की खाकी, त्यानं काहीही विचारलं तरी ठावं न्हाय. बाप कुठं? ठावं न्हाय. काल रात्री कुत्री का भुकत होती? ठावं न्हाय. शहाणं पोर म्हणजे जे काही सांगत नाही ते. लाडानं विचारलं तरी नाही, गूळ दिला तरी नाही. ज्या वयात पोर नाव, गाव, बाप, घर अभिमानानं सांगायला शिकतं, त्या वयात यांनी ते लपवायला शिकलं. तुम्ही पण वही घेऊन आलेला अनोळखी माणूसच आहात. तेव्हा पहिलं उत्तर तेच येणार, ते तसंच लिहून घ्या आणि पुढे विचारत राहा.

मोठं विचारू नका, वस्तू विचारा. त्यातही भाकरी विचारा. आजींशी बोलताना मी तरी भाकरीपासूनच सुरुवात करावी म्हणेन. आधी तुम्ही हिशोब मांडून जा. वीस माणसांचा गट रात्री रानात मुक्कामाला आहे, प्रत्येकाला दोन भाकरी धरल्या तरी चाळीस झाल्या. किलोभर ज्वारीच्या पिठात दहा-बारा भाकरी होतात, म्हणजे साडेतीन-चार किलो पीठ. जात्यावर एकटीनं दळायचं तर पहाटेचा दीड-दोन तास तरी जातो. एका घरात चाळीस भाकरी थापायच्या तर चूल इतकी वेळ पेटती राहते की धूर आणि थापण्याचा आवाज शेजारी जातो. त्यात युद्धामुळे धान्याची चणचण, रॉकेलची चणचण. हा हिशोब डोक्यात असला की प्रश्न आपोआप सुचतात. पीठ कुणाच्या घरचं? एकाच घरी थापायच्या की घरटी दोन-दोन गोळा करायच्या? गोळा कोण करायचं? दुरडी कशानं झाकायची? कालवण काय, की नुसती चटणी आणि कांदा? रानात नेताना कुणी हटकलं तर कुणासाठी नेतोय म्हणून सांगायचं? मळ्यात भांगलणीला बायका असतील तर दुरडी खपून जाते, पण उन्हाळ्यात रान मोकळं असताना कुणाची न्याहारी म्हणून सांगणार? इथं आजी थांबतात, जरा हसतात आणि सांगायला लागतात. कारण हा त्यांच्या हातचा विषय आहे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्यांना सभेतल्या माणसांचा वाटतो.

चिठ्ठीचंही तसंच. केवढा कागद होता? शाळेच्या वहीचा की पुडीचा? कुठं लपवायचा? पटक्याच्या घडीत, चुंबळीत, परकराच्या नेफ्यात, वैरणीच्या पेंढीत अशा जागा सांगितल्या जातात. मग विचारा, तुम्हाला वाचता येत होतं का? येत असेल तर वाचली का? हा प्रश्न हळूच विचारायचा. काही जण आयुष्यात पहिल्यांदा याचं उत्तर देतात. आणि चिठ्ठी द्यायची त्या माणसाचं नाव माहीत होतं का, की नुसतीच खूण: लंगडा, खांद्यावर घोंगडं, उजव्या कानात भिकबाळी?

सालाचा घोळ हमखास होतो. ‘बेचाळीस’ हा शब्द या भागात साल राहिलेला नाही, सगळ्या काळाचं नाव झालाय. १९४२ च्या मोर्च्यांपासून १९४६ पर्यंतचं सगळंच बेचाळीस. त्यामुळे साल विचारू नका, खुणा विचारा. तेव्हा तुम्ही शाळेत कितवीत होता? की जनावरांमागं जात होता? आजींना: लग्न झालं होतं का? हे माहेरचं सांगताय की सासरचं? हा प्रश्न चुकला तर सगळी आठवण भलत्याच गावाच्या नावावर जाते. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न होऊन गाव बदललेल्या मुलींच्या आठवणीत दोन गावं असतात, आणि कधी कधी दोन नावंही.

सण, तिथी, पीकपाणी यांवरून ताडून बघता येतं. वडूजचा मोर्चा ९ सप्टेंबर १९४२ चा, ज्यात परशुराम घार्गे आणि इतर आठ जण गोळीबारात गेले. इस्लामपूरचा दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरचा, तिथं पंड्या आणि बारपटे यांना गोळ्या लागल्या. गणपती तेव्हा तीन-चार दिवसांवर आले होते. कुणी म्हणालं की ‘गणपतीची आरास करत हुतो तवा बातमी आली’, तर ते जुळतं. शेणोलीजवळची आगगाडी प्रतिसरकारच्या सशस्त्र तुफान सेनेनं अडवली ती ७ जून १९४३ ला, म्हणजे ज्येष्ठ शुद्धातली चौथ-पाचव. पेरणीच्या तोंडाचे दिवस. कुणी ती आठवण सुगीच्या दिवसांत घालत असेल, तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रसंगाबद्दल बोलत असण्याची शक्यता आहे, आणि तो प्रसंग कदाचित कुठेच नोंदलेला नसेल. म्हणून ‘आजोबा, चुकताय’ म्हणू नका. ‘त्या दिवशी रानात काय काम चाललं होतं?’ म्हणा. सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा आणि साथीदार बाहेर पडले तो दिवस २४ जुलै १९४३, आषाढातला, कृष्णेला पाणी असलेला. धुळ्याकडचा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना ताब्यात घेतला तो १४ एप्रिल १९४४ ला, पण ते काम इथून लांब झालं. इथल्या पोरांना त्याची नुसती कुजबुज कानी आली असणार. पुढची खूण म्हणून ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतरची जाळपोळ फार उपयोगी पडते. ती बघितलेला माणूस ‘जाळपोळीच्या आधी’ आणि ‘नंतर’ असं अचूक सांगतो. आणखी एक. पुस्तकातला श्रावणी पोळा इथं विचारू नका. आपल्याकडे बेंदूर. पोळा म्हटलं की ‘तसलं काय नव्हतं’ असं उत्तर येईल.

‘लूट’ हा शब्द आपण होऊन वापरू नका. कुंडलचे कॅप्टन भाऊ, रामचंद्र श्रीपती लाड, यांचा शेवटपर्यंत आग्रह होता की शेणोलीच्या गाडीची ती लूट नव्हती, लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला. चळवळीतल्या घरांत आजही हा शब्द लागतो. तसंच प्रतिसरकार की पत्री सरकार? चळवळीतली माणसं पहिलं म्हणत, गाव दुसरं म्हणे. पत्री या शब्दाची उकल जो तो वेगळी सांगतो. कुणी तळपायाला पत्रा ठोकल्याचं सांगेल, कुणी तळपायावर काठीनं मारल्याचं. जे सांगतील ते तसंच लिहा, जुळवून एक करू नका.

इथून अवघड भाग सुरू होतो. ज्याला पत्री सरकारनं शिक्षा केली, त्याचंही पोर त्याच गावात वाढत होतं. फितूर म्हणून, सावकारी म्हणून, बाई नासवली म्हणून ज्याला मार बसला, त्याच्या मुलांनी शाळेत काय ऐकलं असेल? त्यांची गोष्ट फार थोड्यांनी विचारली आहे आणि ती विचारली पाहिजे. पण हे रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं नाही. नातवंडं त्याच आळीत राहतात. नाव ऐकून ठेवा, वहीत लिहा, बाहेर देताना गाळा. बोलणाऱ्याला आधीच सांगा की ‘हे तुम्ही म्हणाल तरच बाहेर जाईल’, आणि हे वाक्यही रेकॉर्डवर येऊ द्या. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत तर वेगळंच ऐकायला मिळतं. तिथं पोलिसाचा जाच बेचाळीसच्या आधीपासून होता आणि स्वराज्याबरोबर संपलाही नाही. फक्त मोठ्या वाड्यांतून फिरलात तर निम्मंच गाव टिपून होईल.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची पेन्शन योजना सुरू झाली. तिच्या आणि पुढे सुधारलेल्या योजनेच्या अटी अशा: किमान सहा महिने तुरुंगवास, स्त्रिया आणि दलित-आदिवासींना तीन महिने. भूमिगत असेल तर सहा महिन्यांवर, आणि त्याला वॉरंट, फरारी जाहीर केल्याचा कागद किंवा डोक्यावरच्या बक्षिसाचा पुरावा. तेव्हापासून आपल्या भागातल्या आठवणी अर्जाच्या साच्यात बसत गेल्या. किती महिने, कुठला तुरुंग, कुणाचा दाखला. पन्नास वर्षं तीच हकिकत सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. त्या हकिकतीला हात लावू नका, पूर्ण सांगू द्या, आणि मग तिच्या कडेचं विचारा. तुम्ही तुरुंगात होता तेव्हा घरी बैल कोण सोडायचं? भूमिगत होता तेव्हा धाकट्या बहिणीला काय सांगितलं होतं?

आणि ज्यांच्याकडे असा कागदच नव्हता त्यांचं काय? भाकरीला दाखला नसतो. चौदा वर्षांच्या मुलीनं निरोप नेला त्याचं वॉरंट निघत नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई पाटील यांचं नाव झालं, त्या स्वतः मोहिमांत उतरल्या होत्या. नानांचं घर, जमीन जप्त झालेली, आणि १९२६ चा जन्म म्हणजे त्या ऐन सतरा-अठराच्या. पण त्यांच्याच वयाच्या कितीतरी जणी ‘आमी काय केलं?’ म्हणत गेल्या. नेते तरी केवढे होते? जी. डी. बापू लाड १९२२ चे, नागनाथअण्णा नायकवडीही १९२२ चे. तुफान सेनेच्या वेळी दोघंही विशीतले. ही सगळी चळवळच वयात येणाऱ्या पोरांची होती. तेव्हा ‘तुम्ही लहान होता ना?’ असं म्हणून त्यांचं बोलणं हलकं करू नका.

घरात ट्रंक असेल तर उघडून बघायला मागा. त्यात काय सापडू शकतं? सामुदायिक दंडाची पावती, जप्तीची नोटीस, तुरुंगातून आलेलं कार्ड, हुंडा-वाजंत्रीशिवाय लावलेल्या गांधी विवाहाची पत्रिका, जुनी वही. फोटो खिडकीजवळच्या सावलीत काढा, फ्लॅश नको. खाली काळं कापड, शेजारी पट्टी किंवा रुपया ठेवा म्हणजे आकार कळतो. कागदाची मागची बाजूही काढा, कित्येकदा खरी गंमत पाठीमागच्या हिशोबात असते. फाटका कागद सेलोटेपनं चिकटवू नका, डिंक पिवळा पडतो आणि शाई उचलतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. चांगल्या मनानं लॅमिनेट केलेले कागद आतल्या आत करपलेले असतात आणि ते परत सोडवता येत नाहीत. वयाची खात्री करायची तर प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघा. मास्तरांनी अंदाजे घातलेल्या जन्मतारखा त्यात पुष्कळ असतात, एका ओळीत चार पोरांची १ जून दिसली की समजायचं.

लिहून काढायला तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास धरा. ‘हुतं’ला ‘होतं’ करू नका, ‘तवा’ला ‘तेव्हा’ करू नका. बोली सुधारली की माणूस मास्तरासारखा वाटायला लागतो. जिथं ते थांबले तिथं ‘थांबतात’ असं लिहा, रडले तर तसं लिहा. कळलं नाही तिथं मिनिट-सेकंद टाकून जागा मोकळी सोडा, मनानं भरू नका.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा. ही दुसरी भेट बरेच जण टाळतात, आणि पहिल्या भेटीत न आलेलं सगळं या भेटीत येतं. मधल्या दिवसांत त्यांनी मनात घोळवलेलं असतं, रात्री झोप लागलेली नसते. ‘त्या दिशी सांगायचं राह्यलं’ म्हणून सुरुवात होते. फोन आधीच चालू करून ठेवा, आणि चालू आहे हे त्यांना सांगून ठेवा.

याच भेटीत नावाचं विचारा. भूमिगतांना टोपणनावं होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरातल्या पोरांना काय सांगितलं होतं? शिपाई आले तर बापाचं नाव काय घ्यायचं? मामाचं पोर म्हणून सांगायचं का? परगावी आत्याकडे ठेवलेल्या मुलाला शाळेत कुठल्या आडनावानं घातलं? ते नाव पुढे दाखल्यावर तसंच राहिलं का? १९४६ ला वॉरंटं उठल्यावर बाप घरी आला, तेव्हा चारचौघांत त्याला पहिली हाक कशी मारली? मग फाइलला नाव देताना तारीख, गाव, आणि त्यांचं खरं नाव टाका. ते हो म्हणत असतील तर पुढे ते दुसरं नावही.